घसरणीतला खाणीचा शेअर: आधी पट्टा वाचा, मग भाव

२३ मार्च २०२० च्या सोमवारी सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी आपटला आणि निफ्टी ७,६१० वर बंद झाला. दोन महिन्यांपूर्वी हाच निफ्टी १२,४०० च्या वर होता. एनएमडीसी (सरकारी लोहखनिज कंपनी), वेदांता, हिंदाल्को हे खाणी-धातूंचे शेअर तेवढ्या काळात निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले. अशा वेळी बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरगुती गुंतवणूकदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एकशे तीसचा शेअर पासष्टला मिळतोय, घेऊन टाकावा का?

या प्रश्नात एकशे तीसला काही किंमत नाही. तो आकडा कुणीतरी जानेवारीत मोजला, एवढंच. खाण कंपनी तोलायची तर चार गोष्टी बघायच्या: पट्टा, म्हणजे सरकारने ठराविक मुदतीसाठी दिलेला खाणीचा हक्क, कधीपर्यंतचा आहे, एक टन काढायला किती खर्च येतो, मंदी लांबली तर रोकड किती महिने पुरेल, आणि ती रोकड कुणाच्या हातात आहे. क्रम मुद्दाम असा लावलाय. बहुतेक जण उलट्या टोकाने, म्हणजे लाभांशापासून सुरुवात करतात. (खाली कंपन्यांची नावं उदाहरणादाखल आहेत. कुठलाही शेअर घ्या किंवा विका असं इथे सांगितलेलं नाही.)

पट्टा

सीमाभागातल्या माणसाला हे खरं तर शिकवायला लागू नये. गोव्यातल्या खाणी ऑक्टोबर २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने थांबल्या. २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली. मग ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. बळ्ळारीत त्याआधीच, २९ जुलै २०११ ला, कोर्टाने उत्खनन थांबवलं होतं, पाठोपाठ चित्रदुर्ग आणि तुमकूरही. पुढे खाणींची अ, ब, क अशी वर्गवारी झाली, 'क' मधले पट्टे रद्द झाले, आणि उरलेल्यांवर बळ्ळारीसाठी २.५ कोटी टन व बाकी दोन जिल्ह्यांसाठी ५० लाख टन अशी वार्षिक मर्यादा बसली. २०१७ च्या शेवटी ती एकूण ३.५ कोटी टनांवर नेली गेली.

२०११ मध्ये खनिजाला गिऱ्हाईक नव्हतं असं नाही. जगभरात भाव तेव्हा शिखराजवळ होते. तरीही खाणी बंद पडल्या, कारण कागद टिकला नाही. महामारीने भाव पाडले, मागणी पाडली, पण ते दोन्ही परत येतं. गेलेला पट्टा लिलावात दुसऱ्याच्या नावावर जातो. म्हणून घसरणीत स्वस्त झालेली खाण आणि कागदामुळे स्वस्त झालेली खाण वेगळी ओळखता आली पाहिजे. दोन्हींचा तक्ता मोबाइलवर सारखाच लाल दिसतो.

२०२० मध्ये हा फरक फार तीव्र होता, कारण लॉकडाउन लागून आठवडाही झाला नव्हता तोच ३१ मार्च २०२० ही तारीख उजाडली. खाण कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार खनिज बाजारात विकणाऱ्या जुन्या खासगी पट्ट्यांची मुदत त्या दिवशी संपली. स्वतःच्या कारखान्यासाठी खनिज काढणाऱ्या कॅप्टिव्ह पट्ट्यांना ३१ मार्च २०३० पर्यंत मुदत आहे. सरकारी कंपन्यांना वेगळे नियम, त्यांचा पट्टा एका वेळी वीस वर्षांपर्यंत वाढवता येतो. ओडिशातल्या लिलावांत काही खाणी सरासरी विक्री दराच्या शंभर टक्क्यांहून जास्त प्रीमियमने गेल्या. जितक्याला विकायचं त्याहून जास्त सरकारला द्यायचं, असा तो हिशेब. स्वतःचं पोलाद करणाऱ्यालाच तो जेमतेम झेपतो.

सरकारी कंपनी म्हणून निश्चिंत राहायचं का? संडूर तालुक्यातली दोणिमलै बघा. एनएमडीसीची वर्षाला ७० लाख टन क्षमतेची ही खाण. नोव्हेंबर २०१८ मध्ये पट्ट्याची मुदत संपली, नूतनीकरणासाठी राज्य सरकारने ८० टक्के प्रीमियम मागितला, कंपनीने काम थांबवलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे मार्च २०२० मध्ये शेअर पडला तेव्हा ही खाण आधीच सव्वा वर्ष बंद होती. त्या काळात ज्यांनी कोरोनाच्या नावाने एनएमडीसी घेतला, त्यांनी दोणिमलैचा वादही सोबत विकत घेतला, माहीत असो वा नसो. शेवटी २०२१ च्या दुरुस्तीने सरकारी कंपन्यांना मुदतवाढीसाठी लोहखनिजावर रॉयल्टीच्या (खनिज काढल्याबद्दल सरकारला द्यायच्या रकमेच्या) दीडपट, म्हणजे विक्री दराच्या २२.५ टक्के, जादा रक्कम ठरवून दिली.

पट्टा शोधायचा कसा, तर कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून पीडीएफमध्ये 'मायनिंग लीज', 'व्हॅलिडिटी' आणि 'एक्स्पायरी' हे तीन शब्द शोधा. खाणीचं नाव, हेक्टर, मुदत आणि पर्यावरण परवान्यातली वार्षिक टन मर्यादा, एवढं वहीत उतरवून घ्या. शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे. डोंगरात भरपूर साठा असला तरी परवान्यातल्या टनांपेक्षा जास्त काढता येत नाही, आणि भाव वर गेल्यावर 'उत्पादन दुप्पट करू' म्हणणाऱ्या व्यवस्थापनाला आधी वन आणि पर्यावरण खात्याकडे जावं लागतं. मग 'कन्टिन्जन्ट लायबिलिटी' ही टीप वाचा. राज्य सरकारने मागितलेल्या आणि कंपनीने नाकारलेल्या रकमा तिथे लपलेल्या असतात. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने रॉयल्टी हा कर नाही आणि राज्यांना खनिज हक्कांवर वेगळा कर लावता येतो, असा निकाल दिला. ऑगस्टच्या आदेशाने १ एप्रिल २००५ पासूनच्या थकबाकीची वाट खुली झाली. त्यामुळे ही टीप आता पूर्वीपेक्षा जाड झाली आहे.

एका टनाचं गणित

इथे थोडं थांबू, कारण चूक बहुधा इथेच होते. लोहखनिजावर रॉयल्टी सरासरी विक्री दराच्या १५ टक्के. १२ जानेवारी २०१५ पूर्वीचा पट्टा असेल तर रॉयल्टीच्या ३० टक्के जिल्हा खनिज प्रतिष्ठानला, लिलावातला असेल तर १० टक्के. शिवाय २०२५ च्या दुरुस्तीपर्यंत रॉयल्टीच्या २ टक्के राष्ट्रीय खनिज शोध निधीला जात, इथे तोच दर धरू. म्हणजे जुन्या पट्ट्यावर दराच्या १९.८ टक्के जातात. लिलावातल्या पट्ट्यावर १६.८ टक्के अधिक प्रीमियम. आपण प्रीमियम ४० टक्के धरू, म्हणजे एकूण ५६.८ टक्के.

दोन कल्पित खाणी घ्या. दोघींचा विक्री दर टनाला ३,००० रुपये, दोघींचा काढण्याचा खर्च ७०० रुपये. जुन्या पट्ट्याची खाण सरकारला ५९४ रुपये देते, तिच्याकडे टनामागे १,७०६ रुपये उरतात. लिलावातली खाण १,७०४ देते, तिच्याकडे ५९६ उरतात.

आता दर ४० टक्के पडून १,८०० झाला. जुन्या खाणीकडे ७४४ रुपये उरले, म्हणजे नफा ५६ टक्के घटला. लिलावातल्या खाणीकडे ७८ रुपये उरले, ८७ टक्के घट. अजून आपण फक्त दर पाडलाय. लॉकडाउनमध्ये टनही पडतात. ७०० रुपयांच्या खर्चातला ४२० रुपये भाग पगार, यंत्रांची देखभाल, घसारा असा ठराविक आहे असं धरा. उत्पादन निम्म्यावर आलं की तोच ठराविक खर्च टनामागे ८४० होतो आणि एकूण खर्च १,१२० वर जातो. जुनी खाण तरीही टनामागे ३२४ रुपये कमावते. लिलावातली खाण ३४२ रुपये गमावते. खनिज तेच, डोंगर शेजारशेजारचे, आणि महामारीही तीच.

म्हणून 'धातूचे सगळे शेअर पडलेत, थोडे थोडे सगळे घेऊ' हा बेत मला पटत नाही. ज्या कंपनीचा टनामागचा खर्च कमी आहे आणि सरकारी वाटा जुन्या दराने आहे ती तळातही पैसे कमावते. बाकीच्यांना फक्त भाव परत येण्याची वाट बघायची असते. भाव परत आला की त्यांचे शेअर जास्त जोरात उसळतात, हेही खरं. पण तोवर त्या तगतील का, हे आधी बघायचं.

गणित स्वतः करताना एक खबरदारी घ्या. एनएमडीसी लंप आणि फाइन्सचे जे दर जाहीर करते त्यांत रॉयल्टी, जिल्हा खनिज निधी वगैरे धरलेत की नाही ते बघा, धरलेले नसतील तर ते गिऱ्हाइकाकडून वेगळे घेतले जातात. दुसरी एखादी कंपनी सगळं मिळून दर सांगते. दोन आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी ही तळटीप वाचली नाही तर तुलना फसते. लंप म्हणजे मोठे तुकडे, ते महाग. फाइन्स म्हणजे भुकटी, ती स्वस्त. एकूण विक्रीत दोन्हींचं प्रमाण किती, यावर सरासरी दर ठरतो.

कोळशाचं गणित वेगळं आहे. कोल इंडिया बहुतेक कोळसा वीज कंपन्यांना ठरलेल्या दराने करारावर देते आणि उरलेला ई-लिलावात विकते. करारातला दर मंदीत पडत नाही, लिलावातला प्रीमियम मात्र आटतो. खर्चाचा जवळपास निम्मा भाग पगाराचा, त्यामुळे उचल कमी झाली की नफ्यावर थेट घाव. २०१९-२० मध्ये कंपनीने ६० कोटी टनांहून थोडा जास्त कोळसा काढला. मग कारखाने थांबले, विजेची मागणी घटली, कोळसा खाणीच्या तोंडाशी साठला आणि वीज कंपन्यांकडची येणी फुगली. बाकी धातूंच्या शेअरचा तळ मार्चमध्ये झाला, कोल इंडिया मात्र ऑक्टोबरअखेर १२० च्या खाली रेंगाळत होता. मार्चमध्ये सगळे पैसे संपवलेल्यांच्या हाती तेव्हा काही उरलं नव्हतं. प्रत्येक खनिजाचा तळ वेगळ्या महिन्यात येतो.

रोकड आणि ती कुणाची

ताळेबंदातली रोकड अधिक ठेवी घ्या. त्यातून वर्षभरात फेडायचं कर्ज वजा करा. उरलेल्या रकमेला तिमाहीचा ठराविक खर्च अधिक व्याज यांनी भागा. उत्तर चारच्या वर, म्हणजे विक्री शून्य झाली तरी कंपनी वर्षभर जगते. दोनच्या खाली असेल तर भाव कितीही पडलेला असो, लांब राहा. २०२० मध्ये यात एक भुलभुलैया होता. रिझर्व्ह बँकेने मार्चअखेर दिलेली हप्त्यांची सवलत पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढली, त्यामुळे ज्यांनी ती घेतली त्यांची अडचण जूनच्या आकड्यांत दिसत नव्हती. निकालाबरोबरच्या टिपांत 'मोरॅटोरियम' शब्द शोधला तर दिसे.

रोकड असणं एक, ती आपल्याला मिळणं दुसरं. सरकारी कंपनीत २०१६ च्या केंद्रीय निर्देशांनुसार निव्वळ नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मालमत्तेच्या ५ टक्के, यांतलं जे जास्त असेल तेवढा लाभांश देणं तेव्हा अपेक्षित होतं. सरकारला महसूल हवा असतो, त्याच्या पंगतीत आपल्यालाही वाढलं जातं. पण तेच सरकार कंपनीचे शेअर बाजारात विकतं, आणि तिची रोकड दुसऱ्याच कामाला लावतं. एनएमडीसीचे तेव्हा सुमारे ३०६ कोटी शेअर होते. पासष्टच्या भावाने संपूर्ण कंपनी जवळपास २०,००० कोटींना, आणि २०१९-२० चा नफा ३,६०० कोटींच्या आसपास. साडेपाच पट. स्वस्त दिसतं. पण वर्षानुवर्षं खाणीतला पैसा नगरनारच्या पोलाद कारखान्यात जिरत होता, आणि तिथली झोतभट्टी पेटायला ऑगस्ट २०२३ उजाडला. बाजार वेडा नव्हता, तो या पैशाला कमी भाव देत होता.

खासगी गटात प्रमोटरच्या, म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकाच्या, गरजा बघाव्या लागतात. हिंदुस्तान झिंकने मे २०२० मध्ये शेअरमागे १६.५० रुपये आणि ऑक्टोबरमध्ये २१.३० रुपये लाभांश दिला. त्याच वर्षी कंपनीने कर्जरोखेही काढले. तेव्हा जवळपास ६५ टक्के मालकी वेदांताची, वेदांताच्या वर लंडनची मूळ कंपनी आणि तिच्या डोक्यावर कर्ज. लाभांश वरच्या घराची गरज भागवायला येत असेल तर तो कायम राहील असं धरून भाव लावू नये. तीन-चार वर्षांची सरासरी घ्यावी.

वेदांताचंच दुसरं प्रकरण अभ्यासासारखं आहे. मे २०२० मध्ये, शेअर तळाजवळ असताना, प्रमोटरने कंपनी बाजारातून काढून घ्यायचं जाहीर केलं. आधारभाव ८७.२५ रुपये. ऑक्टोबरमध्ये उलट बोली झाली: यात भागधारक आपला भाव सांगतो, आणि प्रमोटरची मालकी ज्या भावाला ९० टक्के होईल तो भाव ठरतो. एलआयसीने ३२० रुपये सांगितले. हवे होते १३४ कोटी शेअर, पक्के आले सव्वाशे कोटी, बेत फसला. घसरणीत अशी ऑफर आली तर आधारभावाला विकायची सक्ती नसते. बोलीत भाव आपण लिहायचा असतो, आणि काहीच न लिहिणं हाही पर्याय आहे. मात्र बेत यशस्वी झाला आणि आपण बाहेर राहिलो, तर पुढच्या एक वर्षात ठरलेल्या भावाने शेअर देता येतात, ही मुदत चुकवू नये.

लाभांशाच्या करात १ एप्रिल २०२० पासून बदल झाला. आधी कंपनी कर भरायची, आता आपल्या उत्पन्नात धरून आपल्या टप्प्याने लागतो. म्हणूनच त्या मार्चमध्ये अनेक कंपन्यांनी घाईने अंतरिम लाभांश वाटले, कोल इंडियाचे १२ रुपये त्यातलेच. दीडशेच्या आसपासच्या भावावर ते ८ टक्के होतात. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला आज तोच लाभांश साडेपाच टक्क्यांच्या आसपास पडेल. घरात आईच्या किंवा पत्नीच्या नावावर शेअर असतील आणि त्यांचं उत्पन्न करपात्र नसेल, तर कर कापू नये अशा स्वघोषणेचा फॉर्म (जुन्या आयकर कायद्यात १५जी, ज्येष्ठांसाठी १५एच) दर आर्थिक वर्षात रेकॉर्ड डेटच्या (लाभांश कुणाला मिळणार हे ठरतं त्या तारखेच्या) आधी कंपनीच्या रजिस्ट्रारच्या संकेतस्थळावर भरायचा. नाही तर मर्यादेवर गेलेल्या लाभांशातून १० टक्के कापले जातात आणि परताव्यासाठी विवरणपत्र भरावं लागतं. ही मर्यादा तेव्हा ५,००० होती, एप्रिल २०२५ पासून १०,००० आहे.

लोंढ्याचे रेक आणि उद्यमबागेतला दर

बेळगावच्या माणसाला मुंबईच्या विश्लेषकापेक्षा एक-दोन गोष्टी आधी दिसतात. मुरगाव बंदरातला आयात कोळसा कॅसलरॉकचा घाट चढून लोंढ्यावरून तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याकडे जातो. ५८ वाघिणींचा एक रेक म्हणजे साधारण साडेतीन ते चार हजार टन. झोतभट्टीत एक टन पोलादाला ढोबळमानाने दीड-पावणेदोन टन खनिज आणि पाऊण टनाच्या वर कोकिंग कोळसा लागतो. रेक कमी झाले की भट्ट्या मंदावल्या असाव्यात, आणि बळ्ळारीच्या खनिजाचा मोठा गिऱ्हाईक हात आखडता घेतोय, असा अंदाज बांधता येतो. अंदाजच. तोरणगल्लूला पूर्व किनाऱ्याच्या बंदरांतूनही कोळसा येतो, आणि घाटात पावसाळ्यात दरड कोसळली तरी रेक थांबतात.

त्याहून भरवशाची खूण म्हणजे उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्रीत येणारं पिग आयर्न, म्हणजे भट्टीतलं कच्चं लोखंड. होस्पेट-कोप्पळ पट्ट्यातले कारखाने ते पुरवतात. पिग आयर्नचा दर उतरला आणि खनिजाचा दर तसाच राहिला तर मधल्या कारखानदाराचा नफा पिळला जातो, काही आठवड्यांत तो खनिजाची उचल कमी करतो आणि खाणवाल्याला दर उतरवावा लागतो. उलटही तसंच. फाउंड्रीत काम करणारा कुणी ओळखीचा असेल तर महिन्यातून एकदा तीन आकडे विचारून ठेवा: पिग आयर्न, स्क्रॅप आणि कोक. वर्षभराची ही वही अनेक ब्रोकरेज अहवालांपेक्षा उपयोगी पडते, फुकट असूनही.

पण जवळ दिसतं म्हणून ते शेअरला लागू पडतं असं नाही. हिंदाल्कोचा अल्युमिना कारखाना बेळगावात आहे, चंदगड-राधानगरीकडचा बॉक्साइट गावाला नवीन नाही, म्हणून हा शेअर आपल्या माहितीतला वाटतो. प्रत्यक्षात कंपनीच्या उलाढालीचा मोठा भाग नोव्हेलिस या अमेरिकेतल्या उपकंपनीचा, म्हणजे अमेरिका-युरोपातल्या पेयांच्या डब्यांचा आणि मोटारींच्या पत्र्याचा. एप्रिल २०२० मध्ये, बाजार कोसळलेला असताना, नोव्हेलिसने ॲलेरिस ही कंपनी कर्जासह २८० कोटी डॉलरच्या हिशेबाने ताब्यात घेतली. शेअरवर भार होता तो याचा, यमनापूरच्या चिमणीतून धूर येतोय की नाही याचा नव्हे.

पैसे कुठले आणि कसे घालायचे

उसाचं बिल नियमाने चौदा दिवसांत मिळायला हवं, ते कधी मिळतं हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या बिलावर अवलंबून असलेला पैसा खाणीच्या शेअरमध्ये नको. तीन वर्षं लागणार नाही तेवढाच घाला. पतसंस्थेत सोनं ठेवून शेअर घेण्याचा मोह २०२० मध्ये बराच होता, कारण सोनं चढत होतं आणि ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सोन्याच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा दिली. कर्जाचा दर १२ टक्के आणि करपूर्व लाभांश ८ टक्के असला तर दर वर्षी चार टक्के खिशातून जातात, आणि शेअर आणखी पडला तर सोनंही अडकतं.

एका खाण कंपनीत एकूण गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांहून जास्त नको, सगळ्या मिळून दहा-बारा. हे माझं मत, नियम नाही. रक्कम तीन भागांत घाला. पहिला भाग पट्टा, खर्च आणि रोकड या तिन्ही कसोट्यांवर कंपनी उतरली की. दुसरा पूर्ण फटका बसलेल्या तिमाहीचा निकाल वाचल्यावर. २०२० मध्ये मार्च तिमाहीत लॉकडाउनचा जेमतेम आठवडा आला होता, खरं चित्र जून तिमाहीत होतं, आणि सेबीने मुदती वाढवल्यामुळे ते निकाल सप्टेंबरच्या मध्यापर्यंत येत राहिले. तिसरा भाग खनिजाचा दर वळल्याचं दोन महिने दिसल्यावर. थोडं महाग पडेल, पडू दे.

ऑर्डर नेहमी लिमिटची, म्हणजे आपण ठरवलेल्या भावाची. १३ मार्च २०२० ला निफ्टी उघडताच दहा टक्के कोसळला, पंचेचाळीस मिनिटं व्यवहार थांबले, आणि संध्याकाळी तोच निफ्टी आदल्या दिवसापेक्षा पावणेचार टक्के वर बंद झाला. ज्यांनी बाजारभावाचा स्टॉप लॉस (ठरलेल्या भावाखाली गेला की आपोआप विकायची ऑर्डर) लावून ठेवला होता त्यांचे शेअर सकाळी तळाला विकले गेले. ज्या शेअरची रोजची उलाढाल तुरळक आहे तिथे तर बाजारभावाची ऑर्डर टाकूच नये, मागणी आणि पुरवठ्याच्या भावांत दोन-तीन टक्क्यांची दरी असते. ब्रोकर उसने पैसे देतो ती मार्जिनची सोयही इथे नको. शेअर पडला की तो न विचारता विकतो.

विकायचं कधी

खाणीच्या शेअरमध्ये किंमत-नफा गुणोत्तर (शेअरचा भाव भागिले शेअरमागचा वर्षाचा नफा) उलटं वाचावं लागतं. तळात नफा आटलेला असतो म्हणून गुणोत्तर मोठं दिसतं, शिखरावर नफा फुगलेला असतो म्हणून शेअर स्वस्त भासतो. एनएमडीसीने २०२१-२२ मध्ये ९,४०० कोटींच्या आसपास नफा कमावला. २०२२ च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला ११०-१२० च्या भावाने गुणोत्तर चारच्या खाली होतं. त्याआधी मे महिन्यात केंद्राने लोहखनिजावरचं निर्यात शुल्क ५० टक्के केलं, सोमवारी बाजार उघडताच खाण आणि पोलादाचे शेअर आपटले, आणि २०२२-२३ मध्ये नफा साडेपाच हजार कोटींवर आला. शुल्कातली वाढ नोव्हेंबरमध्ये मागे घेतली गेली. म्हणून एका वर्षाच्या नफ्याने भागू नका. दहा वर्षांच्या सरासरी नफ्याने भागा. सहा-सातच्या आत असेल तर घेण्याचा विचार, पंधराच्या वर गेलं की विकायला सुरुवात.

विकताना दोन भाग. खनिजाचा दर विक्रमी आणि कंपनी कर्ज काढून नवी खाण किंवा कारखाना घेतेय असं दिसलं की पहिला. लिलावात प्रीमियम वाढवून पट्टे उचलायला लागली की दुसरा, कारण ते पट्टे पुढच्या मंदीतला ३४२ रुपयांचा तोटा असतात. डिमॅटमधून विकताना आधी घेतलेला शेअर आधी विकला गेला असं धरतात, त्यामुळे तीन भागांत घेतलेल्यांना कुठल्या भागाला वर्ष पूर्ण झालंय ते तारखेने बघावं लागतं. वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के, वर्षानंतर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के, असे सध्याचे दर आहेत. तोटा झाला असेल तर विवरणपत्र मुदतीत भरा. तो आठ वर्षं पुढे ओढता येतो, उशिरा भरलं तर ही सोय जाते.